कुंपणाबाहेरचे बाबा

टेनिसची मॅच चालू असताना बाहेरून खेळाडूला काही सांगायचं नाही, असा नियम आहे. आमच्या पद्माकरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यावर पुणेरी तोड काढली होती. जाळीच्या कुंपणाला नाक लावून हा मराठीतून ओरडायचा. "शाब्बास अन्वी! तिचा बॅकहँड कच्चा आहे, तिकडेच मार! वा वा! पुढे नको जाऊस, मागेच थांब!" वर टाळ्या. उंटरश्लाइसहाइम या जर्मन गावातल्या आमच्या क्लबातले जर्मन आईबाप माना डोलवायचे, काय हौशी बाप आहे म्हणून. मला मेलीला कुठे तोंड लपवू असं व्हायचं.

आणि अन्वी? अकरा वर्षांची पोर. प्रत्येक पॉइंटनंतर आधी कुंपणाकडे बघायची. त्या शनिवारी सकाळी तर तिने दुधाचा कप बाजूला सारला आणि जर्मनमधून मला म्हणाली, आजची शेवटची मॅच, यापुढे मी खेळणार नाही. हीच पोर पूर्वी रॅकेट उशाशी घेऊन झोपायची हो! पद्माकरला सांगितलं तर म्हणे, "नखरे आहेत. जिंकली की विसरेल."

पहिला सेट अन्वी जिंकली, म्हणजे पद्माकरच जिंकला. तेवढ्यात तिची कोच राइसा कुंपणालगतच्या आमच्या बाकावर येऊन बसली. राइसा रशियन, चाळिशीला टेकलेली, एकेकाळची व्यावसायिक खेळाडू. एरवी स्वतःबद्दल चकार शब्द काढेल तर शपथ.

"काय सांगता तिला?" तिने जर्मनमधून विचारलं.

"आल्झो... म्हणजे, धीर देतो," पद्माकर म्हणाला.

"माझे वडीलही द्यायचे. रशियनमधून."

पद्माकरचा चेहरा बघण्यासारखा झाला. राइसा कोर्टाकडे बघतच बोलत राहिली. समारामध्ये वडील ट्रक चालवायचे. गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारायला त्यांनी तिला शिकवलं आणि पुढे देशोदेशी तिच्यामागे फिरले. कुठे मारायचं, कधी थांबायचं, सगळं ते वर प्रेक्षकांतून सांगायचे. ती जगातल्या पहिल्या शंभरात पोचली. मग हॅम्बुर्गला एका मोठ्या स्पर्धेत, एका नावाजलेल्या खेळाडूला तिने हरवत आणलं होतं, आणि नेमका त्याच दिवशी सर्दीने वडिलांचा घसा बसला.

"मी वर बघायचे, ते तोंड उघडायचे, आवाजच नाही. मला वाटलं, चिडलेत. चोवीस वर्षांची घोडी झाले होते आणि बॉल कुठे मारायचा ते मला ठाऊक नव्हतं! हरले. मग तीन वर्षं हरतच राहिले आणि सोडलं. मला खेळायला आवडतं का, हे कधी कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही."

मला भडभडून आलं, आणि पाठोपाठ रागही. पद्माकरच्या दंडाला असा चिमटा काढला की विचारू नका. "आता एक शब्द काढलास तर बघ!"

दुसऱ्या सेटमध्ये अन्वीने कुंपणाकडे पाहिलं. बाबा गप्प. पुन्हा पाहिलं. गप्पच. पोर बावरली, सर्व्हिस नेटमध्ये घालायला लागली, सेट गेला. पद्माकर घामाघूम. त्याने तोंड उघडलं की राइसा त्याची बाही धरायची. "थांबा." माझाही जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या सेटमध्ये केव्हातरी तिने बघणं सोडलं. आणि मग ही बया चक्क नेटपाशी धावली! बाबाने सक्त मना केलेली गोष्ट. एक बॉल हुकला. पुढचा तिने असा अलगद पलीकडे टाकला की समोरची मुलगी बघतच राहिली. अन्वी कोर्टात एकटीच खुदकन हसली. किती दिवसांनी हसली!

हरली. थोडक्यात, पण हरली. धापा टाकत कुंपणाशी आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, चिडलास?"

पद्माकरने तोंड उघडलं. डोळे भरलेले, आवाज फुटेना. अन्वीचा चेहरा पडायला लागला, तशी राइसा झटकन पुढे झाली. तिला मराठी येत नव्हतं, प्रश्न मात्र कळला होता.

"नाही चिडला," ती जर्मनमधून म्हणाली. "त्याचा घसा बसलाय." आणि बाहीने स्वतःचेच डोळे पुसले.

अन्वीने बापाकडे नीट निरखून पाहिलं. मग रॅकेट पिशवीत घालत म्हणाली, "मग पुढच्या शनिवारीही बसलेलाच राहू दे."