चंद्राने काय केलं होतं?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. तुम्ही एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, गॅलरीच्या कठड्याशी उभे आहात. हातात निळ्या पाण्याने भरलेला फुगा आहे. तो असा थुलथुलतोय, की जणू त्यालाच खाली उडी मारायची घाई झाली आहे. आता मनातल्या मनात खाली वाकून बघा. चेहरे दिसतात? छे! वरून दिसतात ती नुसती डोकी. एक टक्कल, एक अंबाडा, एक टोपी. डोक्याला ना नाक असतं, ना डोळे, ना नाव. हे लक्षात ठेवा आणि उघडा डोळे.

त्या गॅलरीत रोज संध्याकाळी तिघं जण उभी असायची. पहिली भिंगरी. ही गॅलरी तिच्याच घराची. एका जागी उभं राहणं तिला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून ते नाव. दुसरा वकील. वय वर्षं अकरा, पण वाद घालायला बसला की मोठ्यांनी कानांवर हात ठेवावेत. तिसरा नेम्या. तो फारसं बोलत नसे. फेकत असे.

तिघांचं भांडण होतं इमारतीच्या अध्यक्षकाकांशी. काकांनी गच्चीला कुलूप ठोकलं होतं. कारण काय? तर 'मुलं धावतात.' आता मुलांनी धावायचं नाही तर काय रांगायचं? तिघांचा राग अगदी खरा होता. माझ्या गच्चीला कोणी कुलूप लावलं असतं, तर मलाही आला असता.

त्याच आठवड्यात दूरच्या एका शहरात बसथांब्यावर बॉम्ब फुटला. रांगेत उभी असलेली माणसं मेली. भिंगरीची आत्या रेडिओवर बातम्या वाचायची. तो बॉम्ब ठेवणाऱ्या संघटनेचं पत्रकही तिनेच वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं की, हे लोक सरकारला कर देतात, म्हणून तेही शत्रूच. आम्ही इशारा दिला होता. आम्हाला हे करायला भाग पाडलं गेलं.

वकिलाने ते ऐकलं आणि त्याचे डोळे लकाकले.

"भाषा बघा ना काय रुबाबदार! 'भाग पाडलं गेलं'! आपणही पत्रक काढायचं. फुगा पडला की लगेच."

"वाचणार कोण?" नेम्याने विचारलं.

"मी!" भिंगरीने गिरकी घेतली. "आत्यासारखा आवाज काढते बघ. नमस्कार. ठळक बातम्या."

झाली गच्चीमुक्ती फौज तयार.

पहिला फुगा दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या अंबाड्यावर फुटला. तिघं जण कठड्याखाली बसून पोट धरधरून हसली. मग भिंगरीने विचारलं, "पण त्यांनी काय केलं?"

वकिलाची पेन्सिल भराभर चालू लागली. "त्या लिफ्ट वापरतात. लिफ्ट कमिटीची. कमिटी अध्यक्षांची. झालं!"

दुसरा फुगा पोस्टमनवर.

"अरे, तो तर इथे राहतही नाही!"

"मग अध्यक्षांची पत्रं कोण आणतं? मी?"

तिसरा शेजारच्या काकांवर. ते बिचारे केक घेऊन येत होते. केक निळा झाला.

"कुलूप लागलं तेव्हा हे गप्प बसले," वकील म्हणाला.

"ते गावाला गेले होते रे!"

"बघ, म्हणजे मुद्दामच गेले. शिवाय आपण इशारा दिला होता."

"कुठे?"

"आवारातल्या पाण्याच्या टाकीमागे चिकटवलाय."

"तिथे कोण जातं?"

"ती त्यांची चूक!"

पुन्हा हसू. गंमत अशी, की प्रत्येक वेळी फुगा आधी पडायचा आणि कारण मागून धापा टाकत यायचं. वकिलाच्या पत्रकांचा ढीग भिंगरीच्या पलंगाखाली वाढत चालला होता.

एकदा भिंगरी आरशासमोर पत्रक घोकत होती. "सदर केक हा शत्रूचा केक असून..." दारात आत्या कधी येऊन उभी राहिली, तिला कळलंच नाही.

"छान वाचतेस," आत्या म्हणाली. "हे पत्रक मी ओळखते."

"कसं शक्य आहे? वकिलाने आत्ताच लिहिलंय."

"अगं, इतकी वर्षं मी अशीच पत्रकं वाचतेय. केकच्या जागी बाजार, शाळा, बसथांबा. खालची सही बदलते. वरचा मजकूर तोच. ते गप्प बसले, ते त्यांच्या बाजूचे, आम्ही सांगितलं होतं, सुरुवात त्यांनी केली."

भिंगरीला राग आला. "आत्या! ते बॉम्ब टाकतात. आमचं नुसतं पाणी आहे!"

"हो तर. केवढा मोठा फरक आहे! पाणी वाळतं. म्हणून तर मी आत्ता हसत बोलतेय तुझ्याशी."

"पण त्यांनाही कोणी काही त्रास दिला असेल ना? आमच्या गच्चीसारखा?"

"असेल. कधी कधी खरंच असतो. पण तो त्रास रांगेतल्या माणसाने दिलेला नसतो, राणी. मग त्या माणसाला शत्रू म्हणायचं. एकदा शत्रू म्हटलं, की तो दिसेनासा होतो." आत्याने पर्स खांद्याला लावली. "बरं, एक सांग. तुमचे अध्यक्ष किती वेळा भिजले?"

भिंगरीने आठवून पाहिलं. अध्यक्षकाका मागच्या दाराने यायचे, गाड्यांच्या बाजूने. त्यांच्यावर एक थेंबही उडाला नव्हता.

"मग भिजतं कोण?"

"जे... पुढच्या दाराने येतात ते."

"हं," म्हणून आत्या कामाला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने हे फौजेला सांगितलं. वकील एवढासाही डगमगला नाही. "ठीक! मग आज खुद्द अध्यक्ष! मागच्या दाराला ओला रंग लावलाय. त्यांना पुढूनच यावं लागणार. आणि त्यांची ती भली मोठी पांढरी छत्री कोण ओळखणार नाही?"

भिंगरीलाही ते पटलं. नेम्याने महाफुगा भरला. तो उचलायला दोघं लागली.

आणि आलं! खालच्या दारातून काहीतरी पांढरं, गोल, भलं मोठं बाहेर डोकावलं.

"बाहेर का चाललेत?" भिंगरी पुटपुटली.

"फेक!" वकील ओरडला.

धप्प!

पांढरं गोल निळं झालं, मग लिबलिबीत झालं, मग मधोमध फाटलं. फटीतून एक निळं नाक बाहेर आलं. नाकाच्या वर दोन डोळे होते. चौथ्या मजल्यावरूनही ते चांगले दिसले, कारण ते सरळ वर बघत होते.

ती भिंगरीची धाकटी बहीण होती, पिटुकली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या नाटकात ती चंद्र होणार होती. बाबांनी आणि तिने मिळून पुठ्ठा कापला होता, त्यावर पांढरे कागद चिकटवले होते. आणि चंद्र कसा दिसतो, हे ती तो डोक्यावर धरून समोरच्या दुकानदारिणीला दाखवायला निघाली होती.

आवाज ऐकून माणसं जमली. डॉक्टरीणबाई आल्या, केकवाले काका आले. सगळ्यांनी वर पाहिलं. फौजेचा नियमच होता, लोक जमले की पत्रक वाचायचं. वकिलाची पेन्सिल याही वेळी थांबली नाही. त्याने कागद भिंगरीच्या हातात कोंबला.

"वाच! लवकर!"

भिंगरीच्या तोंडून बातम्यांचा आवाज आपोआप निघाला. "गच्चीमुक्ती फौजेने आज चंद्रावर यशस्वी कारवाई केली. सदर चंद्र मोठा झाल्यावर अध्यक्ष होण्याची दाट..."

खालून केकवाले काका फिस्सकन हसले. मग डॉक्टरीणबाई हसल्या. नेम्यालाही हसू आलं. खरंच, ते इतकं वेडगळ होतं! भिंगरीचेही ओठ हलले, पण तेवढ्यात खालून बारीक आवाज आला.

"ताई, मी काय केलं?"

भिंगरीने कागदाकडे पाहिलं. तो उलटून मागे पाहिलं. तिथेही उत्तर नव्हतं.

"पुढे वाच ना!" वकील कुजबुजला. "खाली लिहिलंय, आपल्याला भाग पाडलं गेलं!"

"कोणी पाडलं?"

"अं... परिस्थितीने."

"फुगा परिस्थितीने उचलला होता? मी उचलला. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने नेम्या." आणि मग ती कठड्यावरून ओरडली, "पिटुकले! तू काही नाही केलंस! काहीच नाही!"

ती आत धावली. पलंगाखालचा सगळा ढीग तिने ओढून काढला. डॉक्टरीणबाईंचं पत्रक, पोस्टमनचं, केकचं. कात्री, पुठ्ठा आणि खळीचं भांडं घेऊन ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली उतरली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. एकेक पत्रक टराटरा फाडून पुठ्ठ्यावर चिकटवू लागली. आधी नेम्या येऊन शेजारी बसला. मग मान खाली घालून वकील.

"माझी अक्षरं दिसतील ना त्यावर," तो पुटपुटला.

"दिसू देत. चंद्रावर डाग असतातच," निळ्या नाकाची पिटुकली म्हणाली आणि तिने खळीने माखलेला हात त्याच्या गालावर थापला. मग काय, सगळेच खिदळायला लागले.

पण चंद्राची एक कड उघडीच राहिली. पत्रकं संपली होती. भिंगरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग उठली, तळमजल्यावरच्या त्या दाराशी गेली, जिथे इतक्या दिवसांत फौजेतलं कोणीही गेलं नव्हतं, आणि चिकट बोटाने बेल दाबली.

दार उघडलं. अध्यक्षकाकांना चेहरा होता. चष्मा वाकडा, एका गालावर दाढीचा फेस.

"काका," भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत म्हणाली, "एक जुनं वर्तमानपत्र द्याल? आणि गच्चीच्या कुलपाबद्दल मला तुमच्याशी भांडायचंय. तुमच्याशीच. आत येऊ?"