हंगेरीला मी गेलो, बाबूसिंग नाही

मित्रांनो, मानोऱ्याजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा मी जुना नगारा आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी शांतपणे सांगतात, असे तुम्ही ऐकले असेल. मला ते जमणार नाही. मी संतापलेलो आहे.

माझे तांब्याचे भांडे एका तांबटाने ठोकून घडवले आणि त्यावर पहिले कातडे धरमसिंगने ताणून बसवले. पुढे मी त्याच्या मुलाच्या, बाबूसिंगच्या हाती आलो. होळीला तो मला वाजवी आणि त्याची बायको रुख्मिणी लेंगीची गाणी गाई. दिवाळीनंतर तांडा ऊसतोडीला निघाला, की भांड्याकुंड्यांबरोबर मीही ट्रॅक्टरवर चढे. कोयत्याने सोलवटलेल्या हातांनीसुद्धा बाबूसिंग मला वाजवी आणि खोपटांतली माणसे बाहेर येऊन बसत.

तीन वर्षांपूर्वी दोन देशांच्या सरकारांनी लोककलेच्या देवाणघेवाणीची एक योजना काढली. जनतेच्या पैशातून तिकडचे कलावंत इकडे येणार, इकडचे तिकडे जाणार. हंगेरीचे पाच जण आमच्या तांड्यावर आठ दिवस राहिले. त्यांतली इलोना नावाची म्हातारी दुधाची रिकामी कॅन वाजवत असे. तिला आणि बाबूसिंगला एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता, पण चौथ्या दिवशी तिचा ठेका माझ्या ठेक्यात मिसळला. रुख्मिणीने तिला लेंगीचे पालुपद शिकवले. निघताना तिने बाबूसिंगचे दोन्ही हात धरले. आता माझ्या गावी तुम्ही या, असे ती म्हणत असल्याचे दुभाष्याने सांगितले.

बाबूसिंग आणि रुख्मिणीने पासपोर्ट काढले. त्या वर्षी ऊसतोडीच्या मुकादमाला नकार देऊन दोघे तांड्यावरच थांबले आणि मिळेल त्या मजुरीवर घर चालवले. रुख्मिणीने घागऱ्याचे निसटलेले आरसे पुन्हा शिवले.

मग यादी आली. तिच्यात दोघांचीही नावे नव्हती. योजनेच्या साहेबांचे मेहुणे होते, मेहुण्यांचे मित्र होते. मला न्यायला मात्र गाडी आली. वाद्य अस्सल पाहिजे, असे साहेबांचे म्हणणे!

तिकडच्या रंगमंचावर मेहुण्यांनी मला असे बडवले, की मला माझीच लाज वाटली. इलोना पुन्हा पुन्हा त्यांच्या मागे पाहत होती. बाबूसिंग कुठे आहे, असे तिने विचारले. तो आजारी आहे, असे तिला सांगण्यात आले. तिने कॅन खाली ठेवली आणि त्या दिवशी ती वाजवलीच नाही.

परतीच्या प्रवासात माझे कातडे फाटले. फाटक्या अंगाने मी दोन महिने कार्यालयाच्या जिन्याखाली पडून होतो. अखेर साहेबांनी बाबूसिंगला बोलावले, तेही माझ्यासाठी नव्हे. तांड्याच्या कलावंतांनी दौरा पूर्ण केला, अशा अहवालावर त्यांना त्याची सही हवी होती. सही केलीस तर पुढच्या वेळी तुमची नावे नक्की, असेही ते म्हणाले.

बाबूसिंगबरोबर आलेली रुख्मिणी पुढे झाली. "साहेब, नगारा जाऊन आला. माणूस इथंच होता. मंग सही कायची मांगून राह्यले तुमी?"

बाबूसिंगने पेन घेतले, अहवालावर मोठ्या अक्षरांत 'मी गेलो नाही' असे लिहिले आणि त्याखाली सही केली. साहेबांनी कागद फाडला.

"दुसरा आना," बाबूसिंग म्हणाला. "त्याच्यावरबी हेच लिहीन."

दुसरा कागद आला नाही. अहवाल त्याच्या सहीवाचूनच वर गेला आणि यंदाच्या यादीतही त्या दोघांची नावे नाहीत. बाबूसिंगने मला घरी नेऊन नवे कातडे चढवले. आता म्हणे साहेबांच्या कार्यालयाला मला काचेच्या कपाटात ठेवून खाली 'सांस्कृतिक ठेवा' अशी पाटी लावायची आहे.

मित्रांनो, मला तसली जपणूक नको. कलेसाठी सरकारने पैसा दिला असे कुठे वाचलेत, तर तो कुणाच्या हातात पोचला ते विचारा. मोठ्याने विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.