पंच्याहत्तरला येणारी थरथर

मी स्टिअरिंग बोलतोय. काचा वाहून नेणाऱ्या एका जुन्या पिकअपचं. तुम्ही म्हणाल, स्टिअरिंगला काय कळतं, ते बिचारं दुसऱ्याच्या हातातलं खेळणं. तेरा वर्षं एकाच माणसाचे तळहात अंगावर वागवा, मग बोलू.

कारखान्यात एका लोखंडी कड्यावर काळं रबर ओतून मला तयार केलं. साच्यातून निघालो तेव्हा माझ्यासारखे चारशे भाऊ हुकांना लटकत होते. एका माणसानं माझा हॉर्न एकदाच दाबून पाहिला, मान डोलावली आणि मला पुढे ढकललं. माझं बारसं म्हणायचं तर तेवढंच.

मग मालक आला. त्यानं मला आधी शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि मग धरलं. मालकिणीनं जुन्या चामडी पिशवीचं कव्हर शिवून माझ्यावर चढवलं. सुई दोनदा तिच्या बोटात गेली, तेव्हा तिनं मलाही चार शब्द सुनावले आणि नवऱ्यालाही.

माणसांचे चेहरे मी फारसे बघत नाही. हात बघतो. खोटं बोलणारा मला घट्ट धरतो. खुशीत असलेला एका बोटानं खेळवतो. सिग्नल लाल असतो तो माझ्यामुळेच, असा बऱ्याच जणांचा समज आहे. ते मला थापटतात. माझा मालक मात्र थापटणाऱ्यातला नव्हता. काच कापणारा माणूस तो. हिऱ्याच्या टोकानं काचेवर अशी रेघ ओढायचा, की पट्टी लावली असती तर पट्टीच वाकडी दिसली असती. तो नेमकेपणा त्याच्या तळहातातही होता. मागे हौद्यात उतरत्या लाकडी चौकटीला काचा टेकवून, मध्ये जुन्या ब्लँकेटचे तुकडे घालून आम्ही निघायचो. नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला, अशी दोघं मिळून काच उतरवायची. वर्षानुवर्षं एक कोपराही उडाला नाही.

मालकाच्या वडिलांनाही मी ओळखायचो. शेवटची काही वर्षं ते डावीकडच्या सीटवर बसून दवाखान्यात यायचे. त्यांचे हात मांडीवर आपोआप हलत असत, आणि उजव्या हाताचा अंगठा तर काहीतरी मोजत असल्यासारखा सारखा बोटांवर घासत असे. घरून निघताना घाई व्हायची, म्हणून त्यांच्या शर्टाची बटणं मालक गाडीतच लावायचा. वरपासून खालपर्यंत, लहान मुलाला लावावीत तशी.

"तुझ्यावर ही वेळ यायला नको रे," वडील एकदा म्हणाले.

"काहीतरीच काय बोलता, बाबा," मालक म्हणाला आणि कॉलरचं बटण लावायला वाकला.

वडील गेले. त्याला चार वर्षं झाली असतील. मग एका सकाळी मालक येऊन बसला, त्यानं हात माझ्यावर ठेवले. किल्ली अजून फिरवलेली नव्हती. त्याचा उजवा अंगठा माझ्यावर टकटकायला लागला. मला वाटलं, एखादं गाणं डोक्यात असेल. पण टकटक थांबेना. त्यानं मला घट्ट धरलं तेव्हा ती थांबली. पकड सैल सोडली की पुन्हा सुरू. त्यानं हात उचलून बघितला, मांडीवर आपटला, मग डाव्या हातानं दाबून धरला. हा अंगठा मी ओळखत होतो. सांगायला तोंड असतं तरी तेव्हा मी ते उघडलं नसतं, इतका मी घाबरलो होतो.

त्यानंतर मालकानं बटणांचे शर्ट घालणं सोडलं. डोक्यातून घालायचे टीशर्ट घेतले. "हल्ली फार उकडतं," असं तो बायकोला सांगायचा.

याला तीन आठवडे झाले आणि गाडीतून गिअर टाकताना खट्ट असा आवाज यायला लागला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब दांडा गाडीच्या पोटाखाली फिरत असतो, त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात. तो दोन तुकड्यांचा असतो. एका तुकड्याचे दाते दुसऱ्यात सरकवून बसवायचे. बसायला ते कसेही बसतात, पण आधी होते तसेच बसले नाहीत तर वेगात गाडी हादरते. म्हणून उघडण्यापूर्वी दोन्ही तुकड्यांवरून मिळून रंगाची एक रेघ ओढायची आणि जोडताना रेघेला रेघ जुळवायची. हे मालकाला त्याच्या साडूनं शिकवलेलं. साडूभाऊ म्हणजे मालकिणीच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पेशानं मेकॅनिक, कानाला कायम पेन्सिल.

लहानसहान कामं मालक घरीच करायचा. त्या दिवशीही दुपारभर तो गाडीखाली होता. मला वर फक्त आवाज येत होते. पाना पडल्याचा आवाज, एक शिवी, पुन्हा पाना पडल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत ग्रीस होतं आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी काचा लादून निघालो. वेग पासष्टला गेला आणि पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागला. सत्तरला सीट हलायला लागली. पंच्याहत्तरला मी. मागे काचा किणकिणत होत्या. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. माझा मालक हसला.

"अगं बाई, तूच होय!" तो गाडीला म्हणाला. "मला वाटलं मीच."

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसत होता. मला त्याच्याबरोबर हसता येईना. कारण खालून येणारी थरथर वेगळी आणि वरून येणारी वेगळी, हे या जगात फक्त मला कळत होतं.

मग सुरू झाली वणवण. टायरवाल्यानं चाकांचं बॅलन्सिंग केलं, शिशाचे तुकडे ठोकले. "आता बघा, लोण्यासारखी पळेल," म्हणाला. पंच्याहत्तरला आम्ही हललोच. दुसऱ्यानं अलाइनमेंट केलं. तिसऱ्यानं पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. चौथ्यानं इंजिनाखालची रबरं बदलली. मालक प्रत्येकाला सगळं नीट सांगायचा, पासष्टला सुरू होते, पंच्याहत्तरला जास्त, पंच्याऐंशीला ओसरते. फक्त आपण शाफ्ट उघडला होता एवढं सांगायचं मात्र तो प्रत्येक ठिकाणी गाळायचा. साडूभाऊचं गॅरेज टाळायला तर लांबचा वळसा घालायचा. चार ठिकाणी हात हलवत परत आलो आणि चारही वेळा त्याच्या तळहातांना हायसं वाटलेलं मला कळलं. गाडी बरी झाली असती तर तो उघडा पडला असता.

"दाजींकडे का नाही नेत?" मालकीण विचारायची.

"त्यांना वेळ कुठे असतो," म्हणून तो विषय संपवायचा.

एकदा एका दुकानासमोर दोघं काच उतरवत होती. माणसाच्या उंचीची काच. आरशातून मला दिसत होतं. मालकाच्या बाजूचं टोक खाली घसरलं. मालकीण सावरायला गेली आणि काच तिच्या हातात फुटली. कापडी हातमोज्यासकट तळहात चिरला. पांढरा हातमोजा बघता बघता लाल झाला.

"गाडीनंच तडकवली होती ती आधी!" मालक ओरडत होता. "ही थरथर! ही थरथर जीव घेणार आहे एक दिवस!"

दवाखान्याकडे जाताना त्यानं मला इतकं घट्ट धरलं होतं, की कव्हरची शिवण करकरली. बायकोच्या हाताला नऊ टाके पडले. परत येताना ती एवढंच म्हणाली, "उद्या गाडी दाजींकडे." या वेळी तिनं विचारलं नव्हतं.

साडूभाऊनं हौद्यात काचा तशाच राहू दिल्या. गाडी रिकामी असली की रोग लपतो, म्हणाला. अर्धी भरलेली पाण्याची बाटली त्यानं डॅशबोर्डवर ठेवली आणि मालकाशेजारी बसला. पंच्याहत्तरला बाटलीतल्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठल्या.

"गिअर काढ."

मालकानं गाडी न्यूट्रल केली. इंजिन सुटं झालं, पाणी हलतच राहिलं.

"म्हणजे इंजिन नाही," साडूभाऊ म्हणाला. त्याची रीतच तशी होती. थरथर शोधायची तर एकेक गोष्ट बंद करत जायचं. जी बंद केल्यावरही थरथर उरते, ती गोष्ट निर्दोष सुटली. "चाकं तर तिघांनी बघितली. खाली काही उघडलं होतंस का?"

"छे."

माझं कव्हर घामानं ओलं झालं.

गॅरेजमध्ये परत आल्यावर साडूभाऊनं काचा उतरवून घेतल्या, खाली शिरला आणि शाफ्ट काढून समोरच्या टेबलावर आणून ठेवला. समोरच्या काचेतून मी सगळं बघत होतो. रॉकेलच्या बोळ्यानं त्यानं ग्रीस पुसलं. दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाची रेघ होती, पण एकीपासून दुसरी तीन दाते लांब. दोष सापडला होता. मला वाटलं आता साडूभाऊ हाक मारेल, चार शिव्या घालेल, चहा मागवेल.

तो तसाच उभा राहिला. रेघा तीन दाते सरकल्यात हे त्याला एका नजरेत कळलं होतं. तो बघत होता ती रेघच. लहान मुलानं पाटीवर गिरवलेली असावी तशी होती ती. हलत हलत गेलेली, मध्ये तुटलेली, पुन्हा गिरवलेली.

"ही रेघ कोणाची?"

"असेल एखाद्या गॅरेजवाल्याची," मालक म्हणाला.

"रंग तुझ्या घराच्या खिडक्यांचा आहे."

मालक खाली पडलेला बोळा उचलायला वाकला. साडूभाऊनं पुढे विचारलं नाही. त्यानं रेघेला रेघ जुळवली, शाफ्ट चढवला, नट आवळले, काचा पुन्हा लादल्या आणि बाटली डॅशबोर्डवर ठेवली.

आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. पासष्ट. सत्तर. पंच्याहत्तर. बाटलीतलं पाणी ताटात ठेवल्यासारखं स्थिर. काचा मुक्या. मी जन्मलो त्या दिवशी होतो तसा शांत होतो.

"गेली," साडूभाऊ म्हणाला.

या वेळी मालक हसला नाही.

"घे बाजूला जरा." गाडी थांबली. "बंद कर."

मालकानं किल्ली फिरवली आणि त्याचे हात माझ्यावर सैल पडले. अंगठा टकटकायला लागला. टक, टक, टक. समोर बाटलीतलं पाणी हलत नव्हतं.

"इंजिन बंद," साडूभाऊ हळू आवाजात म्हणाला. "चाकं बंद. शाफ्ट बंद." मग त्यानं विचारलं, "शर्टाची बटणं हल्ली कोण लावतं तुझी?"

"मी टीशर्टच घालतो."

"कधीपासून?"

मालकानं कपाळ माझ्यावर टेकलं. हॉर्न दाबला गेला आणि रस्त्यावरची दोन माणसं वळून बघायला लागली. त्याला त्याचं भान नव्हतं. "काच माझ्या हातून सुटली, साडूभाऊ," तो म्हणाला. "गाडीनं काही केलं नव्हतं. तिला सांगू नका."

"मी नाही सांगणार. तू सांगशील." साडूभाऊ उतरला, वळसा घालून मालकाच्या दाराशी आला. "सरक पलीकडे. गाडी मी नेतो."

तेरा वर्षांत पहिल्यांदा मालक माझ्यासमोरून उठून डावीकडे गेला.

घरी अंगणात मालकीण पट्टी बांधलेला हात छातीशी धरून उभी होती. साडूभाऊ किल्ली देऊन निघून गेला. मालक सीटवरून उतरला नाही. खिडकीतूनच, मान खाली घालून त्यानं सांगितलं.

"टाके मला पडलेत," ती म्हणाली. "काच कोणाच्या हातून सुटली हे मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गाडीला बोल लावत होतात. मला वाटलं, असू दे, अजून थोडे दिवस गाडीचाच दोष असू दे."

मी एकटाच ओझं वाहतोय असं इतके महिने मला वाटत होतं.

पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि वडिलांचंच दुखणं आहे हे कागदावर आलं. गोळ्या सुरू आहेत. याला थोपवता येतं, घालवता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

आता मला मालकीण धरते. साडूभाऊनं तिला शिकवलं. तिच्या डाव्या तळहातावर टाक्यांची वर उठलेली, खरखरीत रेघ आहे. वळणावर ती माझ्या कव्हरवर घासते. पंच्याहत्तरला मी हलत नाही. काच उचलायला दुकानातला माणूस येतो. मालक टीशर्ट सोडून परत शर्ट घालतो, आता लपवायचं कोणापासून?

रोज सकाळी ती यायच्या आधी तो दहा मिनिटं माझ्यासमोर येऊन बसतो. हात ठेवतो. किल्ली नसते. खालचं सगळं ठीक आहे, सगळं बंद आहे, आणि मी थरथरत असतो. थोडं अधिकच, दर महिन्याला.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कोणी गाडी थरथरते म्हणून कुरकुरत असेल, तर गाडी जरूर तपासा. पण एकदा इंजिन बंद करून त्याच्या शेजारीही बसा, आणि त्याच्या हातांकडे बघा. त्याला बोलायला वेळ द्या. मी पाहिलंय, त्याला स्वतःहून बोलता येत नाही.

मालकिणीची पावलं वाजली की तो हात काढून घेतो, उतरतो आणि डावीकडे, वडील बसायचे त्या सीटवर जाऊन बसतो. ती आत येते, किल्ली माझ्या शेजारी लावते, पण फिरवत नाही. आधी त्याच्याकडे वळते आणि त्याच्या शर्टाची बटणं लावते, वरपासून खालपर्यंत.