पोकळीतला हिरवा ठिपका

हिरव्या बारीक तारांच्या जाळीत गुंडाळल्यासारखा तो ठिपका – पडद्यावर वाटाण्याएवढा, खरं तर कशाएवढाच नाही – पल्लवीने माऊसने डावीकडून फिरवला, उजवीकडून फिरवला, खालून पाहिला, आणि तो प्रत्येक बाजूने तितकाच निर्विकार दिसला. पाणी असेल. स्फटिक गोठवताना घातलेलं ग्लिसरॉल असेल. किंवा काहीच नसेल... औषध आहे असं फक्त प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, धैर्यशील सरांना वाटत होतं, आणि सरांना एकदा काही वाटलं की ते अर्ध्या पलूस तालुक्याला वाटू लागतं.

मेंढीच्या पोटात रक्त पिऊन राहणारा सुतासारखा जंत. औषध म्हणजे त्याला विषच; ते पाजलं की त्याच्या अंगातलं एक प्रथिन ते विष धरतं, त्याला एक शेपूट जोडतं आणि बाहेर काढून टाकतं. जंत राहतो, मेंढी जाते. त्या प्रथिनाचे स्फटिक वाढवण्यात पल्लवीची सगळी उमेदीची वर्षं गेली होती – कधी नुसता गाळ, कधी सुया, आणि मग एका सकाळी थेंबात चमकणारा, कडा धरलेला एक खडा. क्ष-किरणांनी त्याचा आकार दाखवला, आकारातली पोकळी दाखवली. विष जिथे धरलं जातं ती पोकळी, आणि तिच्यात हा हिरवा ठिपका. तिथे औषध कंपनीने बनवलेला रेणू अडकून बसला तर जंताचं सारं बळ संपेल. बसला तर. तिने तो रेणू क्ष-किरणांच्या त्या नकाशात, ठिपक्याच्या जागी, बसवून पाहिला, काढून पाहिला, आणि काढल्यावरच सगळं जास्त जुळलं. सरांनी तो परत बसवला. तिने परत काढला. दोघंही याबद्दल फार सभ्यपणे बोलत.

सर वाईट नाहीत, हीच तर अडचण आहे. वाईट असते तर मला किती सोपं गेलं असतं. आजारात डबा पाठवणारे, दिवाळीला वहिनींच्या हातून साडी देणारे, आणि दिलेलं कधी बोलून न दाखवणारे – पण समोरच्याच्या मनात ते जमा होत राहील याची पक्की खात्री असलेले. गेल्या पंधरवड्यात त्यांच्या वडिलांच्या, लालासाहेबांच्या, पंचाहत्तरीच्या मेळाव्यात त्यांनी माईक हातात घेऊन सांगून टाकलं की मेंढरांच्या जंतावरचं औषध सापडलंय, आणि ते शोधलंय आपल्या बिरदेवच्या लेकीनं. टाळ्या. मांडवाच्या कडेला उभे असलेले बिरदेव, म्हणजे आमचे आबा, म्हणे, रडले.

आपल्या! ऊस गेलेल्या रानात लेंडीखतासाठी कळप बसवायचा असतो तेव्हा आपले. त्याच रानातल्या पाटावर मेंढरं पाण्याला लावली की कुणाची रं ही, म्हणून आरडाओरडा. आणि जंत लागतो तो त्याच ओल्या रानात, हे माईकवरून कुणी बोललं नाही. आमच्या जतकडच्या माळावर गवतच नाही तर जंत कुठून चढणार...

सर आत आले ते नेहमीसारखे हसतच. पडद्याकडे पाहून म्हणाले, "काढलास वाटतं पुन्हा?"

"सर, त्याच्याशिवाय जास्त जुळतंय."

"जुळेल गं. थोडा विश्वास लागतो. रेणू बसवून अहवाल संध्याकाळपर्यंत पाठवून दे. सोमवारी कंपनीची माणसं येतायत, तुझ्या नोकरीचं मी त्यांच्या कानावर घातलंय."

घातलंय. जमेच्या बाजूला आणखी एक. तिला ओरडायचं होतं, आणि तोंडातून आलं, "हो सर." रोजचंच. राग आला की तो धरायचा, त्याला हसण्याचं एक शेपूट जोडायचं आणि बाहेर सोडून द्यायचा – उपमा आयती सुचली म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. जंताची उपमा. शाब्बास.

दुपारी शिपायाने सांगितलं, खाली तुमचे वडील आलेत. मोटारसायकलींच्या छपराखाली आबा उभे होते, आणि लोखंडी खांबाला एक मेंढा बांधलेला. सरांसाठी. औषधापायी. ती काही बोलायच्या आत सरच जिना उतरले. आबांनी वाकून हात जोडले, सर म्हणाले अहो बिरदेव, हे कशाला, आणि दोन वेळा नको म्हणून तिसऱ्या वेळी शिपायाला गाडी पाठीमागे घ्यायला सांगून वर गेले. किती सराईत ते नको! घेण्याचा हा गुण माणसात पिढ्यान् पिढ्या मुरावा लागतो.

ती मेंढ्याजवळ बसली. सवयीने त्याची खालची पापणी ओढली. आत लाली नावाला नव्हती, ओल्या कागदासारखं पांढरं.

"आवं आबा, ह्याच्या अंगात रगात न्हाई."

"मला दिसत न्हाई व्हय?"

"मग दिला कशाला?"

आबांनी जिन्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "थोरल्या मालकांकडं, लालासाहेबांकडं, उद्या पावनं हायती. कापनारच त्यो. मग निरोगी कशाला घालवू?"

तिला हसू फुटलं. असं मनापासून ती कितीतरी दिवसांत हसली नव्हती. एवढ्या वाकलेल्या पाठीत एवढा बेरकीपणा, आणि तिला वाटलं होतं ते रडले! आबाही हसले. मग तिच्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तू बी तसंच कर. सायबांचं तुजं कायतरी अडलंय, शिपाई म्हनत हुता. लिवून दे त्यास्नी पायजे ते. हात जोडून दे. मोठ्या मान्सानं तोंडातनं काढलंय, त्येचं बी ऱ्हातंय, तुजं बी भागतंय."

हसू तिथेच थांबलं.

"ह्यो मेंढा एकदा खाऊन संपंल, आबा. माजं लिवल्यालं धरून लोकं औशद करत बसतील. त्ये लागू न्हाई पडलं तर मेंढरं कुनाची मरतील?"

आबा दोरीची गाठ चाचपत राहिले. गाठ नीट होती.

"आत्ता कुनाची मरत्यात?" ते म्हणाले. रागाने नाही, टोमणा म्हणूनही नाही. मग कळपाजवळ एकटी आईच आहे म्हणून एसटी गाठायला निघून गेले.

वर येताना जिन्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलाय – आणि सरांवर नाही, आबांवर. त्या जोडलेल्या हातांवर. आजारी मेंढा देऊन जिंकलो असं मानून घेणाऱ्या, आणि खरोखर थोडंसं जिंकणाऱ्याही, त्या हातांवर. मी काय वेगळं करते? "हो सर" म्हणते आणि मागून रेणू काढून टाकते. तोच आजारी मेंढा, तोच नमस्कार. मालक वर, आम्ही खाली, आणि मधे आमचा हा गुपचूप हिशेब, ज्याने त्यांचं काडीचं बिघडत नाही.

ती खुर्चीत बसली. सरांचा निरोप येऊन पडला होता – पाठवलंस? पूर्वी तिने लगेच काहीतरी गोड लिहिलं असतं. करते सर, जरा तपासते सर. तिने फोन पालथाही घातला नाही. असू दे उघडा.

खालून मेंढा ओरडला, गाडीचं फळकूट आदळलं. पडद्यावर तो ठिपका होता. सरांना माहीत होतं ते काय आहे, कंपनीला सोमवारी माहीत होणार होतं, आबांना तर माहीत असण्याची गरजच वाटत नव्हती. मला माहीत नाही. सगळ्या इमारतीत एवढं एकच खरं वाक्य होतं आणि ते तोंडाने, वर पाहून म्हणायचं होतं... तिने तो राग धरून पाहिला. त्याला कसलंही शेपूट जोडलं नाही. तो जड होता, गरम होता, आणि तो तसाच घेऊन ती सरांच्या खोलीकडे जायला उठली.