चौदा नंबरच्या टेबलावरचं पान

बसा हो. तंबू नंतर लावा. इथला वारा साडेसहाला पडतो, त्याआधी लावलात तर नुसते त्याच्यामागं पळत बसाल. चहा घ्या, आलं जास्त झालंय, पण घ्या. तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. ऐकल्यावर तुम्ही म्हणाल म्हातारा फेकतोय. म्हणा. पण ज्या टेबलावर घडली ते टेबल तुमच्यासमोरच आहे, चौदा नंबरचं, हात लावून बघा.

आधी मी कोण ते सांगतो. मी एकनाथ, गाव कराड, शाळा सातवी. मेव्हण्याने अमेरिकेत आणलं, न्यू जर्सीच्या एडिसनला, तिथं ओक ट्री रोडला एका मिठाईवाल्याच्या कढईपुढं बावीस वर्षं जिलब्या काढल्या. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. कुणीतरी सांगितलं, वाळवंटातल्या पार्कात कॅम्प होस्ट म्हणून राहा, गाडी लावायला जागा फुकट, लाइट-पाणी फुकट, अन् काम काय, तर दिवसभर लोकांना "असं करू नका" म्हणत फिरायचं. बायको म्हणाली, "हे तर घरात पण फुकटच करत होतात." ती एडिसनलाच राहिली. सुखात आहे.

तर माझ्या "असं करू नका" मध्ये सगळ्यात मोठं काय, तर इथल्या जनावरा-पाखरांना खायला घालू नका. दंड आहे. जनावर माणसाच्या हातचं खायला लागलं की बिघडतं. माणसाचं पण तेच होतं, पण त्याला दंड नाही.

त्यात इथला कावळा. रेव्हन म्हणतात त्याला. आपल्या कावळ्याने दोन वर्षं तालीम केली तर जसा होईल तसा. बॅगेची चेन उघडतो. एका जर्मन माणसाची बॅग उघडून ह्याने पासपोर्ट बाजूला काढून ठेवला, मोजे बाजूला ठेवले, अन् खालचं चीज नेलं. सामान तपासतात तसं.

आता गोष्ट. गेल्या एप्रिलातली. चौदा नंबरला सनीव्हेलचं एक कुटुंब उतरलं होतं. संग्राम, कॉम्प्युटरवाला. त्याची बायको कादंबरी, ती पण कॉम्प्युटरवाली. आणि संग्रामची आई, यामिनीकाकू, नागपूरहून चार महिन्यांसाठी आलेल्या. काकूंचे मालक वर्षापूर्वी गेले होते. वर्षश्राद्ध रविवारी, म्हणून शनिवारी रात्री घरी परत पोचायचं असा ह्यांचा हिशोब. पण तो हिशोब नागपूरच्या कॅलेंडरवरचा. शनिवारी सकाळी न्यू जर्सीच्या गुरुजींचा मेसेज आला, की अमेरिकेत तिथी आधी लागते, तुमची आजच आहे. मेसेज पण कुठं आला, तर संडासाच्या भिंतीपाशी. ह्या सगळ्या कॅम्पग्राउंडात मोबाइलला रेंज तेवढीच.

काकू डगमगल्या नाहीत. दोन बर्नरच्या शेगडीवर भात, वरण, खीर, सगळं केलं. उडदाची डाळ त्यांच्या पिशवीत निघाली. मिक्सर नाही म्हणून ती दगडावर वाटली. इथला दगड हलवायला पण बंदी आहे, ते मी बघितलं नाही. वडे तळले, कागदी ताटलीत पान वाढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "कावळा शिवल्याशिवाय मी पाण्याचा थेंब घेणार नाही."

मी माझ्या बॅटरीच्या गाडीवरून फेरीला निघालो तेव्हा बारा वाजून गेले होते. ऊन शंभर, इथल्या मापाने. बघतो तर टेबलावर ताट, आणि तीन माणसं गाडीमागं लपलेली.

मी इंग्लिशमध्ये दरडावलं. संग्राम बाहेर आला, "सर, ॲक्च्युअली, इट्स अ फॅमिली फंक्शन..."

"गाव कुठलं?" मी मराठीत विचारलं.

पोरगं एकदम ढिलं पडलं. "नागपूर, काका."

"मग नीट सांग की."

त्याने सांगितलं. मी म्हणलं, बाबा रे, खायला घालायला बंदी आहे, मला इथून काढतील. काकू पुढं आल्या. लहानशी बाई, पायात मुलाचे बूट. म्हणाल्या, "भाऊ, मी कुठं खायला घालून राहिली? मी जेवायला बोलावून राहिली. ते यजमान आहेत माझे."

ह्याला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं ते मला येत नाही. मी म्हणलं, "मी वीस मिनिटं संडास तपासून येतो. मला काही दिसलेलं नाही."

वीस मिनिटांनी आलो तर ताट जसंच्या तसं. अन् कावळा समोर. कुठं बसलाय, तर "पाखरांना खायला घालू नका" ह्या पाटीवर. ताटाकडं बघतोय, मान तिरकी करतोय, पण येत नाही. जो माणसाच्या हातातला बर्गर हिसकावतो, तो समोर वाढलेल्या वड्याला शिवेना.

"काका, हा रेव्हन आहे, कावळा नाही, म्हणून असेल का?" कादंबरीने विचारलं.

"डोमकावळा आहे तो. चालतो," काकू म्हणाल्या. "त्यांची काही इच्छा राहिली असेल. संग्राम, बोल काहीतरी."

संग्रामने हात जोडले. "बाबा, मी सिगरेट सोडतो."

"तू सिगरेट ओढतोस?" कादंबरी म्हणाली.

कावळ्याने पाठ फिरवली.

"बाबा, वर्धा रोडचा प्लॉट मी विकणार नाही."

"विकायला काढला होता काय तू?" काकू म्हणाल्या.

"बाबा, आईला मी कायमची इकडे आणतो."

"मला इचारलं काय कोणी? मी नाही येत. तुमच्या इथं शेजारीण नाही बोलायला, नुसती पार्किंगं आहेत."

पोरगं जे बोलेल त्याने घरात नवीन भांडण निघत होतं, आणि कावळा ढिम्म. मी मनात म्हणलं, अजून दोन इच्छा विचारल्या तर ह्यांचा घटस्फोट होईल.

तेवढ्यात पंधरा नंबरचा डेल आला. मिशिगनचा रिटायर प्लंबर. बसगाडीएवढी त्याची गाडी, अन् गाडीएवढा तो. काय चाललंय विचारलं. आता माझं इंग्लिश जिलबीच्या कढईपुढं शिकलेलं. मी म्हणलं, "डेल, दॅट बर्ड इज हर हजबंड. ही नॉट ईटिंग, सो शी नॉट ईटिंग."

डेलने आधी टोपी काढली. मग विचारलं, "किती दिवस झाले पक्षी होऊन?"

"वन इयर."

तो पाटीकडं गेला, टोपी छातीशी धरली अन् कावळ्याला म्हणाला, "सर, आय ॲम सॉरी. सकाळी मी तुम्हाला बूट मारला. मला कल्पना नव्हती."

मी हे काकूंना सांगायला नको होतं. पण सवय वाईट, सांगून टाकलं.

"बूट मारला? ह्यांना? श्राद्धाच्या दिवशी?" काकू म्हणाल्या. "सांगा त्याला, नाक घासून माफी माग म्हणाव."

अडीच-पावणेतीनशे पौंडांचा माणूस वाळवंटात गुडघ्यावर बसला हो. नाक काय जमिनीला पोचलं नाही, पोट मधे आलं. कावळ्याने त्याच्याकडं बघितलं, एक पाय उचलून मान खाजवली, आणि परत बसला.

दोन वाजले. आता मला हसू यायचं बंद झालं होतं. काकूंचे ओठ पांढरे पडले होते. बोलता बोलता टेबलाला धरत होत्या. संग्राम बाटली घेऊन मागं मागं, "आई, एक घोट. बाबा समजून घेतील."

"पन्नास वर्षांत काही समजून घेतलं नाही, आता घेतील काय? लांब कर ती."

इथून दवाखाना दीड तासावर. वाळवंटात माणूस तहानलाय हे त्याच्या आधी उन्हाला कळतं. मी वॉकीटॉकीवर पॅटीला बोलावलं. पॅटी म्हणजे इथली रेंजर. टोपी अशी सरळ घालते की त्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, हलणार नाही. मला माहीत होतं, ती आली की ताट दिसणार, अन् माझी फुकटची जागा गेली. पण म्हातारी जाण्यापेक्षा जागा गेलेली बरी.

पॅटी आली. काकूंची नाडी बघितली, पाणी पुढं केलं. काकूंनी तोंड फिरवलं. मग पॅटीची नजर ताटावर गेली.

"हे काय आहे?"

"लंच," मी म्हणलं.

"कुणाचं?"

"हर हजबंड."

"तो कुठं आहे?"

आम्ही चौघांनी पाटीकडं बघितलं. डेलने परत टोपी काढली.

पॅटीने टोपी अजून सरळ केली. मग खिशातनं नियमांचं पुस्तक काढलं. बाई सरळ आहे, नियमाच्या बाहेर जात नाही, पण नियमाच्या आत शेवटच्या खोलीपर्यंत जाऊन बघते. वाचून म्हणाली, "अन्न टेबलावर ठेवता येतं. पण माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे. आणि पक्षी आला तर त्याला हाकलायला पाहिजे. मनापासून. एवढं करूनही त्याने चोरलं, तर तो पक्ष्याचा गुन्हा. पण मी इथं उभी राहून बघणार, मनापासून हाकलता की नाही."

मी काकूंना सांगितलं. त्या बसल्या जागी ताठ झाल्या. "वर्षभर ज्यांची वाट पाहिली त्यांना हाड म्हणू? ह्या बाईला नवरा आहे काय?"

"आई, प्लीज," संग्राम रडकुंडीला आला होता. "फक्त तोंडाने म्हण."

"तोंडाने नाही चालणार," मी म्हणलं. "ती बघणार आहे."

काकू उठल्या. कादंबरीने हात धरला, तो सोडवला, आणि ताटापाशी बाकावर बसल्या. कावळ्याकडं बघितलं. आवाज निघेना. घसा कोरडा पडलेला. मग हळूच म्हणाल्या, "येऊ नका."

कावळ्याने मान वळवली.

"येऊ नका म्हटलं ना. खीर आहे ती. साखरेची आहे. डॉक्टरांनी काय सांगितलं तुम्हाला?"

कावळा पाटीवरून खाली उतरला. चालत चालत, मागं पंख बांधून, फेरफटक्याला निघाल्यासारखा.

"आणि वडा तर अजिबात नाही. तळलेला आहे. त्या शेवटच्या दिवाळीत डबा लपवला तर माळ्यावर चढून खाल्ला, वाटलं मला माहीत नाही? पायाला जखम झाली तेव्हा कोण रडलं होतं?"

कावळा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. आता काकू खरंच चिडल्या होत्या. आम्ही कुणी राहिलो नव्हतो त्यांच्यासाठी, वाळवंट पण नव्हतं. समोर फक्त तो.

"सरका. सरका म्हणते ना. हात नका लावू. शुगर चारशेवर जाते तुमची. उद्या मेले तर लोक मलेच बोलतील."

कावळ्याने वडा उचलला. काकूंनी पळीने टेबलावर फटका मारला. तो दोन बोटं सरकला, वडा गिळला, अन् खिरीत चोच घातली डोळ्यापर्यंत. मग भात. मग दुसरा वडा. काकू ओरडत होत्या, तो खात होता, आणि खाता खाता मधेच मान वर करून त्यांच्याकडं बघत होता. मी तुम्हाला सांगतो, तसं माझ्या बायकोकडं मी बघतो. जिलबी तोंडात असताना.

ताट रिकामं झालं. पॅटीने वहीत लिहिलं, हाकलण्याचा प्रयत्न अत्यंत प्रामाणिक.

काकू खाली बसल्या. "पाणी दे रे," म्हणाल्या. बाटली एका दमात संपवली, दुसरी संपवली. मग डोळ्याला पदर लावला अन् म्हणाल्या, "जरा नाही सुधारले."

आम्ही सगळे जेवलो. डेलने अकरा वडे खाल्ले. पॅटी म्हणाली ड्युटीवर काही घेत नाही, पण जाताना तिच्या ट्रकमधे कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते पण मी बघितलं नाही.

निघताना काकूंनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, हे आता इथंच राहतील असं दिसून राहिलं. हवा मानवली त्यांना. तुम्ही लक्ष ठेवा. गोड देऊ देऊ नका कोणाला."

मी हसलो. मला वाटलं संपलं. संपलं कुठलं. काकू नागपूरला गेल्या, आणि दर रविवारी त्यांच्या सकाळी सातला, म्हणजे आपल्या इथं शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, फोन येतो. मी संडासाच्या भिंतीपाशी उभा. "काय खाल्लं आठवडाभर?" पहिल्यांदा मी खरं सांगितलं, की डेलचा डोनट खाल्ला, अन् एका पोरीची केकची स्लाइस. तर त्या दिवशी म्हातारीने चहा पण घेतला नाही की जेवण. संग्रामचा मला फोन, काका काय सांगितलंत तुम्ही. तेव्हापासून खोटं बोलतोय. सरडा खाल्ला म्हणतो. प्रोटीन आहे म्हणतो. मग त्या चहा ठेवतात, मला फोनमधनं भांड्याचा आवाज येतो, तेव्हा माझ्या जिवात जीव.

पण गेल्या शनिवारी पकडलं. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा आवाज चोरट्यासारखा येऊन राहिला." माझं खोटं आता जुनं झालंय हो. नवीन माणूस पाहिजे, शिकलेला, साफ आवाजाचा. तुम्ही बरे दिसता.

तिकडं बघू नका. हो, तुमच्या डिकीत शिरलाय तो. बालुशाहीचा डबा आहे ना? उघडला त्याने. असू दे, आता काय वाचत नाही. आज शनिवार, सहा पंचवीस झाले, चला माझ्याबरोबर भिंतीपर्यंत. फोन वाजला की तुम्ही घ्या. म्हणा, मी नवीन कॅम्पर, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, आज नुसता सरडा अन् थोडं पाणी. आणि त्यांनी भांडं ठेवल्याचा आवाज येईपर्यंत फोन ठेवू नका.