शिवकन्या मॅडमची संमती

अकरम सरांच्या चौकटीत अंगठा उगवला, तसा शिवकन्या मॅडमनीही मोबाइलवर अंगठा दाबला. मागोमाग सुमय्या मॅडमचा आला, मग बाकीच्यांचे. लातूरच्या क्लासची ऑनलाइन मीटिंग संपली आणि लोह्यातल्या आपल्या घरी मॅडमनी खुर्चीला पाठ टेकली. आजचाही दिवस निभावला होता.

वर्षभरापासून त्यांना ऐकू येत नव्हतं. आधी कमी, आता जवळजवळ नाहीच. स्टाफरूममध्ये समोरच्याच्या ओठांकडे बघून त्या बेमालूम उत्तर देत. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण लॉकडाऊन लागला. कॅमेरा नेट खातो म्हणून क्लासचे मालक शेषेराव सर सगळ्यांना कॅमेरे बंद ठेवायला लावत, आणि काळ्या चौकटींना ओठ कुठून असणार? मग मॅडमनी युक्ती काढली. कुणाचा अंगठा आला की आपलाही द्यायचा. पूजेत भटजी थांबले की यजमान 'मम' म्हणतो ना, तसं.

पाच मिनिटांनी ग्रुपवर शेषेराव सरांचा निरोप आला. 'रिपीटर बॅचचं बॉटनी यापुढे अकरम सरांकडे. शिवकन्या मॅडमनी मोठ्या मनानं संमती दिली. आभार.'

मॅडमनी निरोप तीनदा वाचला. संमती? केव्हा? बारा वर्षं ती बॅच त्यांच्याकडे होती. मार्क हुकलेली, गावात तोंड दाखवायला लाजणारी पोरं. त्यांच्यात मॅडमचा जीव होता, आणि तो त्यांनी हसत हसत देऊन टाकला म्हणे.

त्यांनी सुमय्या मॅडमला लिहिलं, 'मी कधी हो म्हटलं?'

नांदेडहून लगेच उत्तर आलं. 'सरांनी तुम्हालाच विचारलं ना, हरकत हाय का म्हणून. अकरम सरांनी शुक्रिया म्हणून अंगठा दिला. मग तुमचा आला. तुम्हीच राजी, तर आम्ही काय बोलावं? मला तर लई वाईट वाटून राहिलं होतं.'

मॅडमनी शेषेराव सरांना लिहिलं, 'पुन्हा मीटिंग घ्या. आजच.'

पाच वाजता सगळे जमले. मॅडमनी कॅमेरा लावला. आपला आवाज किती मोठा येतोय, तेही त्यांना कळेना.

"सर, मला ऐकू येत न्हाई. वर्ष झालं. तोंड दिसलं तर समजतं. कॅमेरे लावा."

काळ्या चौकटी काळ्याच राहिल्या. कुणी बोललं की नाही, कोण जाणे. मग सुमय्या मॅडम दिसल्या, ओढणीनं डोळे टिपताना. अकरम सर दिसले, गोंधळलेले. मग बाकीचे, शेवटी शेषेराव सर. त्यांनी शब्द सुटा सुटा करून विचारलं,

"मॅडम, मग वर्गातल्या पोरांच्या शंका तुम्हाला कशा ऐकू येतात?"

एक अक्षर चुकलं नाही. सगळं लख्ख कळलं. मॅडमना आपला वर्ग आठवला, ऐंशी पोरं, ऐंशी कॅमेरे बंद. खोटं बोलायला एवढी मोकळी जागा पुन्हा मिळाली नसती.

"लिहून विचारतात ते कळतं," त्या म्हणाल्या. "जे लिहीत न्हाईत, त्यांचं मला काहीच कळलं न्हाई."

सरांनी मान वळवली आणि शेजारच्या कुणाशी तरी बोलू लागले. बरंच काही बोलत होते. बाकीच्यांच्या माना हलत होत्या. सुमय्या मॅडमचा हात तोंडावर गेला. तो आनंदानं की दुसऱ्याच कशानं, काही उमगेना. आपलंही डोकं आपोआप हलायला लागलंय, हे मॅडमच्या लक्षात आलं. त्यांनी ते थांबवलं.

"सर," त्या म्हणाल्या, "माझ्याबद्दल बोलता, तर इकडं तोंड करून बोला."