सगळ्यात हळू तो पुढे

वाचनालयाच्या कचेरीतून आलेला छापील अर्ज बुधवारच्या वर्गातल्या इतरांनी नुसता वाचला. बाईंनी तो तपासला. ‘पाल्याचे नाव’, ‘पालकाची सही’, ‘पाल्यास पोहता येते का?’ अर्ज शाळेच्या सहलीचा होता. वर कोपऱ्यात कोणीतरी घाईघाईने खरडलं होतं, की सत्तरीपुढच्या सभासदांनी मुलाची किंवा मुलीची सही आणावी, अन्यथा सहलीला येऊ नये.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. छत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं होतं आणि असे अर्ज गठ्ठ्यांनी गोळा केले होते. ज्याची सही यायची नाही ते पोर सहलीच्या दिवशी रिकाम्या वर्गात कसं बसायचं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

वाचनालयाच्या हॉलमध्ये भरणाऱ्या या वर्गात अकरा जण होते, सगळे निवृत्त. ज्याने आयुष्यभर जे केलं ते त्याने इतरांना शिकवायचं, आणि महिनाअखेरीला सगळ्यांनी मिळून ते प्रत्यक्ष पाहायला जायचं. नर्सताईंनी पट्ट्या बांधायला शिकवल्या. पोस्टमननी घरनंबर नसलेलं घर शोधायला शिकवलं. गेले सहा आठवडे घड्याळजींची पाळी होती. बाईंनी गजराचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं, तेव्हा दोन चाकं शिल्लक उरली. गजर मुका झाला, तरी घड्याळ चालत होतं, आणि त्याचा घड्याळजींना अजून राग होता. आता शेवटी गावच्या मनोऱ्यात चढून मोठं घड्याळ आतून पाहायचं होतं. एकशे बारा पायऱ्या. बाईंना ते पाहायचंच होतं. आयुष्यभर त्या घड्याळाकडे बघत त्या शाळेत पळाल्या होत्या.

लेकीने अर्ज हातातही घेतला नाही. मागच्या सहलीत, पाणी शुद्ध करायच्या केंद्रात, बाई शेवाळावरून घसरल्या होत्या. घोटा सुजला आणि लेकीला बँकेतून तीन आठवडे रजा काढावी लागली.

“आई, रजा माझी गेली. तुझा तर नुसता पाय होता,” ती म्हणाली. “मी सही करणार नाही. आणि तू इतकी हळू चालतेस, लोक तुझ्यापायी खोळंबतात.”

रजेची गोष्ट खरी होती. खोळंबण्याची मात्र नव्हती. वर्गाचा एक नियम होता, तोही बाईंनीच शाळेतून आणलेला: सगळ्यात हळू तो सगळ्यात पुढे. मग मागे कोणी राहतच नाही.

बुधवारी बाईंनी अर्ज भरला. पाल्याच्या नावापुढे स्वतःचं नाव, पालकाच्या सहीच्या जागी स्वतःची सही. पोहता येतं का, तर येतं. नर्सताईंनी डोकावून पाहिलं आणि त्यांचाही अर्ज तसाच भरला गेला. मग पोस्टमनचा, मग घड्याळजींचा. सत्तरीच्या आतल्यांनीही हौसेने भरले.

कचेरीतला कारकून वैतागला. असं चालत नाही, म्हणाला. पालक वेगळा हवा.

“माझ्या आईला जाऊन तीस वर्षं झाली,” बाई म्हणाल्या. “तेव्हापासून ते काम मीच बघते.”

कारकुनाने सांगितलं, की हे वर कळवावं लागेल, कदाचित हॉलही बंद होईल.

“कळवा. अक्षर मात्र नीट काढा. या अर्जावरचं वाचताना मला त्रास झाला.”

हॉल बंद करणं कचेरीच्या हातात असेल, पण मनोऱ्याची किल्ली घड्याळजींच्या खिशात होती. चाळीस वर्षं दर गुरुवारी ते त्या घड्याळाला चावी देत आले होते. गुरुवारी सकाळी दहाला त्यांनी कुलूप काढलं. बाई पुढे, बाकीचे मागे.

पहिल्या साठ पायऱ्या दगडी होत्या. दर वीस पायऱ्यांनी बाई बसत आणि मागचेही निमूट बसत. तिसऱ्यांदा बसल्या, तेव्हा खालून टाचांचा आवाज आला. लेक. कारकुनाचा फोन येताच बँकेतून तशीच निघालेली, गळ्यात ओळखपत्र लटकलेलं, धापा टाकत.

“चल खाली,” ती म्हणाली.

“वरून येते,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

पुढच्या बावन्न पायऱ्या लोखंडी होत्या, जाळीच्या. पायांखालून थेट तळ दिसत होता. लेक बाईंना गाठायला सगळ्यांना ओलांडून तावातावाने पुढे आली, तिसऱ्या जाळीवर तिची नजर खाली गेली, आणि तिने दोन्ही हातांनी कठडा धरला. पुढे जाईना, मागे येईना. मागे रांग थांबली. कोणी हसलं नाही.

पोस्टमन शांतपणे म्हणाले, “नियम आहे, पोरी. सगळ्यात हळू तो पुढे.”

“काका, मी सहलीला नाही आलेय. मी हिला न्यायला आलेय.”

“मग आता मीच तुला नेते,” बाई म्हणाल्या. त्या अंग चोरून तिच्या बाजूने खालच्या पायरीवर आल्या आणि लेकीच्या पाठीला तळवा लावला. “खाली बघू नकोस. पायऱ्या मोज. मोठ्याने.”

लेकीने दात आवळून मोजल्या. चौसष्ट. पासष्ट. सत्तराव्या पायरीला ती थांबली. बाईंनी तिला तिथे उभं राहू दिलं, घाई केली नाही. मग एकाहत्तर. बावन्न पायऱ्यांना अर्धा तास गेला.

वर घड्याळाची चाकं माणसाच्या उंचीची होती. दुधी काचेच्या तबकडीवर आकडे आतून उलटे दिसत होते आणि मोठा काटा उलटा फिरत होता. बाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. घड्याळजींनी काही समजावलं नाही. सहा आठवडे समजावूनच झालं होतं. त्यांनी बाईंच्या हातात तेलाची बुधली दिली आणि कुठे घालायचं ते त्यांनाच सांगायला लावलं. बाईंनी बरोबर सांगितलं.

लेक बराच वेळ भिंतीला टेकून बसली होती. मग म्हणाली, “कुठाय तो अर्ज? आण, करते सही.”

“सही झालीये.”

“तुझी तुलाच?”

“हो. आणि पुढच्या महिन्यात रेल्वेचा बोगदा आहे. त्याचीही करून ठेवलीये.”

उतरायची वेळ झाली, तेव्हा सवयीने सगळे लेकीला वाट द्यायला बाजूला झाले. ती हलली नाही. आईचा डावा पाय टेकताना वाकडा पडत होता. चढतानाच केव्हातरी घोटा दुखावला असावा, आणि बाईंनी ब्र काढला नव्हता.

“आता तू हो पुढे,” लेक म्हणाली. “मी पाहिलाय तुझा घोटा.”

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. घरी चल, असं काही ती म्हणाली नव्हती. मग त्यांनी कठडा धरला, डावा पाय खालच्या पायरीवर टेकवला आणि मोठ्याने म्हणाल्या, “एकशे बारा.”